कटकटीचं इंजिनिअरिंग

कटकट, किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, खटखट, चिडचिड. मराठीत बारीकसारीक त्रासाला जेवढे शब्द आहेत तेवढे मोठ्या दुःखालाही नसतील. शाळेच्या व्याकरणात हे ‘अभ्यस्त शब्द’ म्हणून येतात, आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि सोडून देतो. पण मित्रांनो, जरा नीट बघा. यातला प्रत्येक शब्द तोच आवाज दोनदा काढून तयार झालाय. एकदाच ‘कट’ झालं तर त्याला कुणी कटकट म्हणत नाही. डास कानाजवळून एकदाच ‘भुण’ करून गेला तर चादर डोक्यावर ओढायची गरज पडत नाही. तो परत येतो, आणि केव्हा येईल ते सांगून येत नाही, म्हणून आपण अंधारात कान टवकारून पडून राहतो. म्हणजे रोगाचं निदान भाषेनं आधीच करून ठेवलंय. त्रास लहान, पण पुन्हा पुन्हा.

या विषयावर मी लिहावं याला कारण आहे. दिवसा मी तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, संध्याकाळनंतर हॉस्टेल सांभाळतो आणि राहायला नशिराबादला. म्हणजे कटकट करणारे, कटकट सोसणारे आणि कटकटीची तक्रार लिहिणारे अशा तिन्ही पार्ट्या मला रोज भेटतात. हॉस्टेलच्या ऑफिसात एक तक्रारवही आहे. अभ्यासक्रमाबाहेरचं इतकं चांगलं वाचन मला दुसरीकडे मिळालेलं नाही. तिच्यात काय नाही ते आधी सांगतो. वादळात बाग आडवी झाली आणि केळीचे पैसे बुडाले, हे तिच्यात नाही. बॅकलॉग राहिले, घरी आजारपण आहे, हे नाही. ती दुःखं मुलं वहीत लिहीत नाहीत, मनात ठेवतात. वहीत असतं ते असं : ‘बाथरूममधला तिसरा नळ रात्रभर टपकतो.’ ‘कॉरिडॉरमध्ये एक जण रात्री बारापर्यंत फोनवर बोलतो.’ ‘पोळीच्या रांगेत फार वेळ जातो.’ ‘पंख्याचा रेग्युलेटर १ आणि ५ वर सारखाच फिरतो.’ शेवटची तक्रार एकाच हस्ताक्षरात चार वेळा आहे. चौथ्या वेळेला खाली दोन रेघा मारल्या आहेत.

हे सगळं वाचून ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात’ असं म्हणायचा मोह होतो. पण १९८१ साली अमेरिकेत कॅनर, लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर मध्यमवयीन माणसांना सलग दहा महिने, दर महिन्याला त्यांनी एक यादी भरायला दिली. यादीत ११७ किरकोळ कटकटी होत्या. वस्तू हरवणे, वजन वाढणे, महागाई, असल्या. शिवाय आयुष्यातल्या मोठ्या घटनांचीही नोंद घेतली. निघालं असं की माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर शाफ्ट एका धक्क्यानं क्वचितच तुटतो, तो बहुतेक वेळा फटिगनं जातो. मेकॅनिकलच्या मुलांना एस-एन कर्व्ह आठवत असेल. लोड लहान असला तरी सायकल्स मोजाव्या लागतात.

आता नळापासून सुरुवात करू, कारण वहीत तोच सगळ्यात जुना आहे. रात्रीच्या शांततेत बादलीत पडणारा ‘टिप्’ हा आवाज थेंब पाण्यावर आपटल्याचा असावा असं कुणालाही वाटेल. तसं नाहीये. केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अग्रवाल आणि सॅम फिलिप्स यांनी वेगवान कॅमेरा, मायक्रोफोन आणि हायड्रोफोन लावून हे तपासलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. थेंब आपटतो तेव्हा फारसा आवाजच होत नाही. आपटल्यावर पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना त्याच्या खाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, आणि तो बुडबुडा कंप पावतो. त्या कंपनाबरोबर पाण्याचा पृष्ठभागही हलतो आणि आपल्याला ‘टिप्’ ऐकू येतं. उपायही तिथेच सापडला. बादलीतल्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थोडा अंश टाकला की पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा तयार होत नाही आणि आवाज बंद. वॉशर बदलायला प्लंबर येईपर्यंत करून बघायला हरकत नाही. पाणी वाया जातं ते जातंच, तेवढं लक्षात ठेवा.

पण आवाज एवढा बारीक असताना तो डोक्यात का जातो? डोक्यावर पंखा रात्रभर घरघरतो, त्याचा आवाज कितीतरी मोठा. तो आपल्याला ऐकूच येत नाही. लाईट गेली आणि पंखा थांबला की मात्र खाडकन जाग येते! आपला मेंदू एकसारख्या, न बदलणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायला फार लवकर शिकतो. थेंबाचं तसं करता येत नाही, कारण थेंब वाटतो तितका नियमित नसतो. रॉबर्ट शॉ या भौतिकशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये ‘टपकणारा नळ’ या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. नळ अगदी हळू टपकत असेल तर दोन थेंबांतलं अंतर सारखं असतं. धार थोडी वाढवली की ते एक लांब, एक आखूड असं होतं, आणि आणखी वाढवली की अंतराला कुठलाच नियम राहत नाही. ज्याला केऑस म्हणतात त्याचं हे घरगुती उदाहरण. म्हणजे रात्री दोन वाजता तुम्ही ‘आता पडेल, आता पडेल’ म्हणत पडून राहता आणि तो पडत नाही, तेव्हा तुमचं काही चुकत नसतं. तो अंदाज करताच येत नाही.

अंदाज करता न येणं, हा यातला पहिला मुद्दा. दुसऱ्या मुद्द्याकडे नंतर येतो, आधी बस बघू.

नशिराबादच्या स्टॉपवर सकाळी उभं राहणाऱ्या माणसाची ठरलेली तक्रार म्हणजे बस येत नाही, आणि येते तेव्हा दोन एकामागे एक येतात. यात मुद्दाम कुणी काही करत नाही. समजा पहिल्या गाडीला फाटकाजवळ किंवा ट्रॅफिकमध्ये दोन मिनिटं उशीर झाला. पुढच्या स्टॉपवर तेवढ्या वेळात आणखी चार माणसं जमली. ती चढायला, सुट्टे पैसे द्यायला वेळ लागला. गाडी आणखी मागे पडली, तिच्या पुढच्या स्टॉपवर आणखी जास्त माणसं. मागून येणाऱ्या गाडीला मात्र रिकामे स्टॉप मिळतात, ती पळत सुटते आणि पुढचीला गाठते. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांनी यातला पॉझिटिव्ह फीडबॅक ओळखला असेलच.

आता गंमत बघा. चाळीस मिनिटांत दोन गाड्या म्हणजे सरासरी वीस मिनिटांना एक. मग सरासरी दहा मिनिटं थांबावं लागायला हवं. पण गाड्या जोडीनं आल्या, म्हणजे पाच मिनिटांचं एक अंतर आणि पस्तीस मिनिटांचं दुसरं असं झालं, तर तुम्ही स्टॉपवर पोचाल तेव्हा लांबच्या अंतरात सापडण्याची शक्यता आठात सात. तिथे सरासरी साडेसतरा मिनिटं, आखूड अंतरात अडीच. गणित केलं तर येतात साडेपंधरा मिनिटांच्या वर. टाइमटेबल करणारा म्हणतो वीस मिनिटांना गाडी आहे, तो खरं बोलतो. स्टॉपवरचा माणूस म्हणतो ‘नेहमीच उशीर होतो राव’, तोही खरं बोलतो. भांडणं पुष्कळदा अशी असतात. दोघं वेगवेगळ्या जागी उभं राहून मोजत असतात.

रांगेचंही तसंच. महामार्गावर नशिराबादच्या टोलनाक्यावर किंवा कुठल्याही नाक्यावर ‘आपली रांग सोडून बाकीच्या सरकतात’ असं प्रत्येकाला वाटतं. तीन लेन असतील तर आपली लेन सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे तिनातल्या दोन वेळा शेजारची कुठलीतरी पुढे जाणारच, आणि आपण बघतो ती नेमकी तिच्याकडेच. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला. टॅग रीड व्हायला क्षण लागतो, पण रांग सरासरीवर चालत नाही. एकाच गाडीचा बॅलन्स संपलेला निघाला की तिच्या मागच्या सगळ्यांचं सगळं गणित बदलतं.

आपल्या मेसच्या रांगेकडे येऊ, कारण हा प्रश्न आपल्या हातातला आहे. रांगेचं शास्त्र १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग या इंजिनिअरनं सुरू केलं. किती लाइन्स ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्यातलं सगळ्यात साधं सूत्र असं. पोळीच्या काउंटरवर एका मुलाला सरासरी बारा सेकंद लागतात असं धरा, म्हणजे मिनिटाला पाच मुलं. मिनिटाला चार मुलं येत असतील तर काउंटरशी, ज्याला वाढणं चालू आहे तो धरून, सरासरी चार जण उभे असतात आणि प्रत्येकाचं एका मिनिटात काम होतं. साडेचार येऊ लागली की नऊ जण आणि दोन मिनिटं. पावणेपाच येऊ लागली की एकोणीस जण, चार मिनिटं! मुलं चारावरून पावणेपाचावर गेली, म्हणजे वाढली थोडीच, आणि रांग जवळजवळ पाचपट झाली. मुलं आपल्या मर्जीनं, विस्कळीत येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असं धरून हे सूत्र आहे. आठला मालिका संपल्यासारखा सगळा मजला एकदम खाली उतरला तर यापेक्षाही वाईट.

याचा अर्थ उलट बाजूनंही लावता येतो. वाढणाऱ्या मावशींना दुप्पट वेगानं हात चालवायला सांगायची गरज नाही, ते शक्यही नाही. बाराचे अकरा सेकंद झाले तरी गर्दीच्या वेळची रांग निम्म्याहून कमी होते. तो एक सेकंद कुठे आहे ते मी दोन दिवस उभं राहून बघितलं. ताट हातात घेतल्यावर ‘दोन की तीन?’ हा प्रश्न, त्यावर मोबाईलमधून मान वर काढून ‘अं?’, मग पुन्हा तोच प्रश्न. मावशी एका रात्रीत तो प्रश्न किती वेळा विचारत असतील याचा हिशोब तुम्ही करा. कटकट दोन्ही बाजूंनी असते.

(भरिताच्या दिवशी मात्र रांग सगळ्यात लांब आणि वहीत तक्रार एकही नाही. वास येत असतो, आणि शेवटी काय मिळणार हे माहीत असतं.)

कॉरिडॉरमधल्या फोनबद्दल आता. खोलीत दोन मित्र गप्पा मारत असले तर तिसरा अभ्यास करू शकतो. बाहेर एकच जण फोनवर बोलत असला तर नाही करू शकत, आणि तो हळू बोलत असला तरी नाही. आपल्याला वाटतं आपणच कोत्या मनाचे. कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लक्ष देऊन करायचं काम दिलं, स्क्रीनवरच्या ठिपक्यामागे माऊस फिरवत राहायचं वगैरे, आणि कानावर कधी दोघांचं बोलणं सोडलं, कधी एकाचंच भाषण, कधी फोनवरच्या संभाषणाची फक्त एक बाजू. कामात चुका वाढल्या त्या एक बाजू ऐकताना. आणि तोच आवाज असा गाळून ऐकवला की शब्दच कळू नयेत, तेव्हा त्रासही गेला. म्हणजे दोष आवाजाचा नव्हता. ‘हो... नाही ना भो... मग?... कितीला?... अरे बापरे!’ हे ऐकल्यावर मधल्या गाळलेल्या जागा भरायचं काम मेंदू आपल्याला न विचारता हातात घेतो. कितीला काय घेतलं हे कळेपर्यंत सर्किट थिअरीचं पुस्तक उघडंच राहतं.

स्पीकरवर रील लावणाऱ्यांचं आणखी वेगळं. २०२३ मध्ये एसटी महामंडळानं आणि मुंबईत बेस्टनं हेडफोनशिवाय मोठ्यानं मोबाईल लावायला गाडीत बंदी केली. पंधरा सेकंदांचं गाणं, मग दुसऱ्याचा विनोद, मग कुणाचं तरी भाषण. एक अख्खं गाणं लागलं तर माणूस सोसतो हो! इथे पुढचा आवाज कसला आणि कधी, ते लावणाऱ्याच्या अंगठ्यावर ठरतं. दुसरा मुद्दा आला तो इथे. बटण कुणाच्या हातात आहे?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हॉर्न, आणि हॉर्नवर बोलायचा अधिकार नशिराबादकराइतका कुणाला असेल असं मला वाटत नाही. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता त्याचा नंबर ५३, आमच्या गावावरून जातो. गुजरातेतून विदर्भाकडे आणि पुढे पूर्वेकडे जाणारा माल याच रस्त्यानं. शिवाय जळगाव-भुसावळ रेल्वे. हिवाळ्यात पहाटे भादलीकडच्या गाडीचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा येतो, आणि उन्हाळ्यात दुपारी तीच गाडी दूर कुठेतरी जाते. याचंही कारण आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, आणि ध्वनी उबदार हवेत जास्त वेगानं जातो. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबपर्यंत पोचतो. उन्हाळ्याच्या दुपारी खाली तापलेली, वर थंड, म्हणून तो वर वाकतो आणि निघून जातो. तेव्हा ‘रात्री जास्तच वाजवतात’ ही तक्रार काही अंशी हवेवरही आहे.

काही अंशीच. हॉर्नची तीव्रता दोन मीटरवर १०० डेसिबल धरली तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. चौसष्ट मीटरवर, म्हणजे पाच वेळा दुप्पट केल्यावर, ७० उरतात. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे आहेत. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. दवाखाने, कोर्ट, शिक्षणसंस्था यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. या मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीच्या आहेत, एका हॉर्नला सरळ लावता येत नाहीत, हे मान्य. पण झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही. त्याला तो एक हॉर्नच ऐकू येतो. आणि डेसिबल ही लॉगॅरिथमिक मोजणी आहे. ४० आणि ७० यांत ध्वनीची तीव्रता तीसनं वाढत नाही, ती हजारपट वाढते.

ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी केली. कारण सरळ होतं, ती पाटी मागच्याला वाजवायचं आमंत्रण देते. पाटी पुसल्यानं हॉर्न थांबले असं मला तरी आमच्या गावात दिसलं नाही. मला त्यापेक्षा इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं आवडलेला प्रकार मुंबई पोलिसांचा. २०२० च्या जानेवारीअखेर त्यांनी ‘पनिशिंग सिग्नल’चा व्हिडिओ प्रसिद्ध केला. मुंबईतल्या काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले. लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! अडीअडचणीचं सोडा, पण सिग्नलला वाजणारा हॉर्न म्हणजे काय, तर ‘माझ्या हातात काहीच नाही’ या भावनेवर शोधलेलं एक बटण. दाबलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मुंबईकरांना त्या बटणाचा खरा परिणाम पहिल्यांदाच समोर आकड्यात दिसला. आपल्या गेटवर रात्री अकराला वॉचमनकाकांसाठी हॉर्न वाजवणाऱ्यांनी याचा विचार करावा. काका म्हातारे आहेत, चावी शोधायला वेळ लागतो, आणि हॉर्ननं चावी सापडत नाही.

बटणाची गोष्ट निघालीच आहे तर जो प्रयोग मला या सगळ्याचा पाया वाटतो तो सांगतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७२ मध्ये पुस्तकात मांडला. लोकांना बसवून मोठा गोंगाट ऐकवला. टाइपरायटर, छपाईचं यंत्र, परक्या भाषेतली बडबड, सगळं एकत्र केलेलं. काहींना तो ठरावीक अंतरानं, काहींना कधीही. गोंगाट चालू असताना सगळ्यांनी कामं बऱ्यापैकी केली. माणूस सोसतो. फरक पडला तो गोंगाट थांबल्यावर. मग शांततेत त्यांना न सुटणारी कोडी आणि प्रुफं तपासायचं काम दिलं. ज्यांनी बेभरवशाचा गोंगाट ऐकला होता त्यांनी कोडी लवकर सोडून दिली आणि प्रुफातल्या चुका जास्त सोडल्या. आणखी एका गटाला तोच बेभरवशाचा गोंगाट दिला, पण एक बटण देऊन सांगितलं की नकोच झालं तर दाबा, आवाज बंद होईल. मात्र शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. आवाज तेवढाच ऐकला. तरी नंतरच्या कामात ते पुष्कळ बरे निघाले.

पहाटेची कटकट अकराच्या लेक्चरला वसूल होते, असा याचा अर्थ मी लावतो.

मागच्या सत्रात रूम बदलून मिळावी असा एक अर्ज आला. दोघंही मेकॅनिकलचे, फर्स्ट इयरपासून एकत्र, सणाला एकमेकांच्या घरी जाणारे. कारण लिहिलं होतं ‘वैयक्तिक’. दोघांना बोलावलं. बराच वेळ गप्प बसल्यावर एक म्हणाला, ‘सर, अलार्म याचा, जाग मला. हा पाचला लावतो, दाबतो अन् झोपतो. परत वाजतो. सहापर्यंत हेच.’ दुसरा म्हणाला, ‘सर, मी अभ्यासालाच लावतो ना!’ दोघंही खरं बोलत होते. पहिल्याचं एम-थ्री गेलं होतं आणि जळगावात रूम करून राहायचं त्याच्या मनात होतं. ते भाडं त्याच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं.

स्नूझचं बटण असलेलं घड्याळ जनरल इलेक्ट्रिकनं १९५६ मध्ये बाजारात आणलं. तेव्हापासून पुष्कळ घड्याळांत आणि आजच्या काही फोनांतही स्नूझ नऊ मिनिटांचा असतो. पाच ते सहा धरलं तर सात वेळा. ज्याचा अलार्म आहे तो प्रत्येक वेळी हात बाहेर काढतो आणि आवाज बंद करतो, बटण त्याच्या उशाशी असतं. म्हणून त्याची झोप पुन्हा लागते. शेजारच्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. तो पुढचा केव्हा वाजेल याची वाट बघत जागा राहतो. एकाच खोलीत, एकाच आवाजात, ग्लास आणि सिंगरचे दोन गट शेजारी शेजारी झोपले होते.

मी एवढंच ठरवून दिलं की अलार्मचा फोन रात्री दुसऱ्याच्या टेबलावर राहील. लावायचा त्यानं, बंद करायचा यानं, आणि एकदा बंद केला की त्या दिवसापुरता बंद. पहिल्या आठवड्यात दोघांनाही ते आवडलं नाही. लावणाऱ्याला उठून खोली ओलांडावी लागते, आणि ज्याच्याकडे बटण आलं त्याला ते दाबताना वाईट वाटतं. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याची चौकशी करायला कुणी आलेलं नाही, आणि एम-थ्रीचा पेपर डिसेंबरात आहे.

तक्रारवहीत या सत्रापासून एक रकाना वाढवलाय. पूर्वी ‘तक्रार’ आणि ‘सही’ एवढेच होते, आता तिसरा आहे ‘केव्हा होईल’. तो ज्याचं काम आहे त्यानं भरायचा. म्हणजे इलेक्ट्रिशियननं, प्लंबरनं, मेसवाल्यांनी, माझ्याकडचं असेल तर मी. ‘लवकरच’ हा शब्द त्यात चालणार नाही, वार किंवा तारीखच हवी. रेग्युलेटरसमोर ‘सोमवार’ लिहिलं गेलं आणि सोमवारी तो बदललाही, दोन रेघांचा मान राखून. नळासमोर प्लंबरनं ‘गुरुवार’ लिहिलं आणि तो शुक्रवारी आला. एवढे दिवस महिनोन्महिने टपकणाऱ्या त्या नळावर एका ओळीपेक्षा जास्त कुणी लिहिलं नव्हतं. त्या एका गुरुवारवर वहीत अख्खं पान आहे.